शुभेच्छापत्रातील कुटुंब

सणाच्या शुभेच्छापत्रावर आपल्या कुटुंबाचे छायाचित्र घालून ते आप्तेष्टांस धाडावे की धाडू नये, हा प्रश्न पुण्यामुंबईच्या वाचकास कदाचित क्षुल्लक वाटेल. परंतु जुन्नरच्या पेठेत छायाचित्रणाचा आणि त्याच्या जोडीने एका लहानशा छापखान्याचा व्यवसाय करण्यात ज्याचे उभे आयुष्य गेले, त्याच्यापुढे तो प्रतिवर्षी दिवाळीच्या आधी महिनाभर आणि नाताळच्या आधी पंधरवडाभर येऊन उभा राहत असे, आणि तोही एखाद्या तात्त्विक वादाच्या रूपाने नव्हे, तर दुकानातील बाकावर शेजारी शेजारी बसलेल्या सासूसुनांच्या, बापलेकांच्या आणि थोरल्याधाकट्या जावांच्या उघड मतभेदाच्या रूपाने. दोन्ही पक्ष बहुधा एकाच घरातून येत, दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असे, आणि त्यांचा निकाल लागेपर्यंत मला कॅमेऱ्यापाशी तिष्ठत उभे राहावे लागे. त्यामुळे या विषयात माझे म्हणणे मांडण्याचा थोडाफार अधिकार मला पोचतो असे मी समजतो.

हा प्रघात मी प्रथम पाहिला तो नाताळच्या निमित्ताने. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्यामुळे मराठी वाचकांच्या परिचयाचा झालेला जो अहमदनगरचा ख्रिस्ती समाज, त्यातील एक शिक्षक-दांपत्य नोकरीनिमित्त आमच्या तालुक्यात येऊन राहिले होते. डिसेंबर लागला की बाजाराच्या दिवसाची गर्दी टाळून गुरुजी, बाई आणि त्यांची मुले सकाळच्या कोवळ्या उन्हात माझ्याकडे येत. दुकानात राजवाड्याच्या पायऱ्या आणि कारंजे रंगविलेला एक पडदा होता आणि खेड्यापाड्यांतून येणाऱ्या गिऱ्हाइकांस त्याचे मोठे आकर्षण असे; परंतु गुरुजींनी तो पहिल्याच वर्षी नाकारला, आणि मागील अंगणातील चुन्याच्या भिंतीपुढे बाई खुर्चीवर, गुरुजी त्यांच्या उजव्या हातास उभे, आणि मुले वयाच्या क्रमाने, अशी जी मांडणी त्यांनी ठरविली ती पुढे कधीही बदलली नाही. मी ब्रोमाइड कागदावर लहान आकाराच्या प्रती काढीत असे. जाड कार्डाची घडी घालून तिच्या दर्शनी बाजूस ट्रेडल यंत्रावर शुभेच्छांचा मजकूर छापीत असे, आणि आतल्या बाजूस छायाचित्र खळीने चिकटवून वर जुन्या रजिस्टरांचे ओझे ठेवून ते रात्रभर दाबून ठेवीत असे, कारण ब्रोमाइडचा कागद वाळताना कडांनी वळतो आणि मग कार्ड नीट मिटत नाही. छायाचित्राचा ठसा करून छापावयाचे तर तो ब्लॉक पुण्याहून करून आणावा लागे, आणि थोडक्या प्रतींसाठी तेवढा खर्च करणे कोणासही परवडण्यासारखे नव्हते.

या कामाचा खरा अर्थ मात्र मला कार्डे तयार झाल्यावर कळला. गुरुजींपाशी एक लांबट वही असे, आणि एखाद्या सावकाराच्या खतावणीप्रमाणे तिच्यात उभे रकाने आखलेले असत: इसमाचे नाव, मुक्काम, पत्र रवाना केल्याची तारीख, आणि तिकडून आलेल्या उत्तराची तारीख. जे हयात नाहीत त्यांच्या नावावर काट न मारता ते समोर मृत्यूचे साल लिहीत. त्या यादीत अधिकारी किंवा प्रतिष्ठित मंडळी थोडी; बाईंच्या पहिल्या बाळंतपणात धावून आलेली शेजारीण, गुरुजींचे प्राथमिक शाळेतील शिक्षक, पूर्वी ज्या गावी नोकरी झाली तेथील शिपाई, अशी माणसे फार. दुकानातच बाकावर बसून ते प्रत्येक कार्डावर स्वहस्ते एक ओळ लिहीत. छापील मजकुराचे पत्र उघड्या पाकिटातून बुकपोस्टने गेले तर थोडक्या तिकिटात जाते, हाताने मजकूर लिहिला की पुरे तिकीट लावावे लागते, ही गोष्ट मी व्यवसायाच्या शिरस्त्याप्रमाणे त्यांच्या कानावर घातली, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "छापलेलं सगळ्यांना सारखंच जातं हो. पाकिटावर ज्याचं नाव आहे त्याच्यापुरती एक ओळ नको का?"

पुढे वाचनात आले की या पत्रांचा जन्मच मुळी ती ओळ टाळण्यासाठी झाला. इंग्लंडात १८४० साली एका पेनीच्या टपालाची सुधारणा अमलात आली, आणि तिच्या कामात ज्याचा हात होता त्या हेन्री कोल या गृहस्थास, टपाल स्वस्त झाल्यामुळे येणाऱ्या पत्रांच्या ढिगास निरनिराळी उत्तरे लिहिणे अशक्य होऊन बसले. म्हणून १८४३ साली त्याने जॉन कॅलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र काढवून घेतले आणि त्याच्या सुमारे एक हजार प्रती छापविल्या. या पहिल्या व्यापारी नाताळपत्राच्या मध्यभागी आजोबाआजींपासून नातवंडांपर्यंत एक कुटुंब पेले उंचावून बसलेले आहे, आणि दोन्ही बाजूंस गरिबांस अन्न आणि वस्त्र दिले जात असल्याची लहान चित्रे आहेत. एका लहान मुलाच्या ओठी मद्याचा पेला लावलेला पाहून मद्यपाननिषेधक मंडळी त्याच वेळी संतप्त झाली. म्हणजे कुटुंबाचे चित्र पत्रावर कसे असावे याविषयीचा वाद त्या पत्राइतकाच जुना आहे. श्रम वाचविणे आणि कुटुंबास मध्यभागी आणणे अशा दोन कल्पना त्या एकाच कार्डात एकत्र आल्या होत्या. गुरुजींनी त्यांपैकी दुसरी स्वीकारली आणि पहिली टाकून दिली, आणि माझ्या मते या प्रथेचे सारे शहाणपण त्या निवडीत आहे.

चित्रातील कुटुंबाच्या जागी स्वतःचे कुटुंब आले ते कॅमेरा स्वस्त झाल्यावर. अमेरिकेतील कोडॅक कंपनीने १९०३ च्या सुमारास पोस्टकार्डाच्या आकाराचे चित्र घेणारा कॅमेरा बाजारात आणला, आणि पाठीमागे पत्त्याच्या रेघा छापलेला छायाचित्रणाचा कागद सर्वत्र मिळू लागला. आपल्या घरातील जुन्या ट्रंकेतून पणजोबांचे एखादे छायाचित्र काढून वाचकांनी ते उलटून पाहावे. पुष्कळदा मागे पोस्टकार्ड अशी इंग्रजी अक्षरे आणि तिकिटासाठी चौकोन आढळेल. टपालात टाकण्यासाठी केलेला तो कागद आपल्याकडे बहुधा भिंतीवरच्या चौकटीत गेला. चित्र पाठविण्याची सोय हाती असूनही आपण ते जपून ठेवणेच पसंत केले, यात आपल्या समाजाचा संकोच दिसतो, आणि तो संकोच मला पुढे दिवाळीच्या दिवसांत दरवर्षी भेटत राहिला.

हिंदू घरांतून अशा पत्रांची मागणी येऊ लागली ती मुंबईकरांमुळे. जुन्नर-आंबेगावातील क्वचितच एखादे घर असे असेल की ज्याचा एक तरी माणूस मुंबईत नाही. हुतात्मा बाबू गेनू ज्या वाटेने म्हाळुंगे पडवळहून मुंबईस गेले त्याच वाटेने पिढ्यानपिढ्या आमची माणसे गेली. कोणी डबे पोचविले, कोणी गिरणीत राबले, कोणी भायखळ्याच्या आणि पुढे वाशीच्या बाजारात भाजीपाल्याच्या गोण्या वाहिल्या. दिवाळीस ती गावी आली की सारे कुटुंब वर्षातून एकदाच एका छपराखाली जमे, आणि तेवढ्यात मुंबईच्या कचेरीत साहेबाच्या मेजावर असली कार्डे पाहिलेला एखादा तरुण पुतण्या सर्वांस घेऊन माझ्या दुकानी येई. भाऊबीज आटोपल्यावर घेतलेले छायाचित्र त्या दिवाळीस उपयोगी पडणे शक्य नसे. म्हणून ते पुढील वर्षाच्या पत्रासाठी राखून ठेवावे लागे, किंवा मग संक्रांतीस तिळगुळाच्या पुडीबरोबर जाई. हा तिळगुळाचा मार्ग आमच्याकडे पुष्कळ रूढ झाला, आणि तो मला अधिक शोभून दिसे.

विरोध करणाऱ्यांत वडीलधाऱ्या स्त्रिया अधिक असत. भरलेले घर, तान्ही मुले, लेण्यातील सुना, हे सारे चार लोकांच्या दृष्टीस कशाला घालावयाचे, हे त्यांचे मुख्य कारण. पुष्कळ तरुण यास अंधश्रद्धा म्हणून हसत. मी हसत नसे, कारण त्या भीतीच्या पाठीशी एक विवेक आहे असे मला वाटे. ज्याच्या घरी मूल नाही, ज्याचा संसार त्याच वर्षी मोडला आहे, त्याच्या हाती आपल्या भरल्या गोकुळाचे चित्र जाऊन पडले तर त्यास काय वाटेल, एवढा विचार ती वृद्धा आपल्या भाषेत बोलून दाखवीत असे. तसेच सुतकाचे. ज्या घरी त्या वर्षी मृत्यू झाला तेथे वर्ष पुरे होईपर्यंत सण नाही ही आपली वहिवाट आहे. तेथे हसऱ्या चेहऱ्यांचे कार्ड धाडणे हे केवळ अज्ञान नव्हे, ते निष्ठुरपण आहे. अशा घरांसाठी मी यजमानास काही कोरी कार्डे फुकट देत असे आणि सांगत असे की येथे छायाचित्र नको, शुभेच्छाही नकोत, चार ओळी लिहा आणि शक्य तर स्वतः जाऊन द्या. यादी एकच असली तरी पत्र सर्वांस एकच असू नये, हे मी अनुभवाने शिकलो.

एका बाबतीत मात्र मी कोणाचेही ऐकत नसे. कुटुंब पडद्यापुढे उभे राहू लागले की घरातील विधवा स्त्री आपण होऊन बाजूस सरके. ओतूरच्या अंगाचे एक मोठे शेतकरी कुटुंब आले असता आजी अशाच दाराशी जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दिवाळीच्या कागदावर मी कशाला, बाबा? पोरांचं घे." ज्या बाईने नवऱ्यामागे ती सारी पोरे वाढविली, विहिरीचे कर्ज फेडले, थोरल्यास शिकविले, तिचाच चेहरा त्या कुटुंबाच्या चित्रातून वगळून ते मंगल होते, ही कल्पना मला सहन होत नसे. मी म्हटले, "आजी, मधली खुर्ची तुमची. तुम्ही बसलात की मी बटण दाबतो, नाही तर आज फोटो नाही." मुलगे खाली मान घालून उभे होते, धाकटी सून पुढे झाली, तिने खुर्ची ओढली आणि सासूबाईंचा हात धरून त्यांस बसविले. हा प्रसंग नावे बदलून माझ्या दुकानात कितीदा तरी घडला. छायाचित्रकाराचे काम चेहरे उजेडात आणण्याचे आहे, आणि घरातील कोणता चेहरा अंधारात लोटला जात आहे हे त्यास इतर कोणाहून आधी दिसते. तेव्हा त्याने बोलले पाहिजे, मग गिऱ्हाईक गेले तरी चालेल, या मतावर मी आजही ठाम आहे.

आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभे येथे धरण झाले आणि खुद्द आंबेगाव हे गाव त्याच्या पाण्याखाली गेले. तालुक्यास ज्याचे नाव आहे ते गावच आज जमिनीवर नाही. पाणी चढण्यापूर्वीच्या दिवसांत त्या खोऱ्यातील काही कुटुंबांनी मला बोलावून घेतले, आणि त्यांची इच्छा एवढीच होती की सर्वांनी मिळून आपल्या घराच्या ओट्यावर उभे राहावे आणि मागे दरवाजा, तुळई आणि देवळी स्पष्ट दिसावी. त्या छायाचित्रांची पुढे जी कार्डे झाली त्यांवर मजकूर असा काही फारसा नव्हता. सर्वांची नावे आणि नव्या वस्तीचा पत्ता. दिवाळीचे निमित्त होते, पण नातेवाइकांस कळवावयाचे होते ते हे की आम्ही कोण, कोठून उठलो, आणि आता कोठे सापडू. इतके आवश्यक कार्ड मी दुसरे छापले नाही.

अशा पत्रांचा सर्वांत मोठा उपयोग कोणता, हे मात्र ती छापताना कोणासच कळत नाही. मनुष्य गेल्यावर घरचे लोक मोठे छायाचित्र करण्यासाठी माझ्याकडे येत, आणि त्यांच्यापाशी चित्रच नसे. कोणाचे घर जळालेले, कोणाची ट्रंक वाळवीने खाल्लेली, कोणाच्या वाटणीत आल्बम दुसऱ्या भावाकडे गेलेला. मी विचारीत असे, "कोणास दिवाळीचे पत्र पाठविले होते का?" मग शोध सुरू होई, आणि परळच्या चाळीतील आत्याच्या आरशामागून, किंवा नाशिकच्या एखाद्या निवृत्त मामलेदाराच्या दप्तरातून, ते कार्ड निघे. तेवढ्या लहान चित्रावरून चेहरा मोठा करणे कष्टाचे काम होते, पण ते होत असे. जे चित्र स्वतःच्या भिंतीवर जपले ते गेले, आणि जे दुसऱ्यास देऊन टाकले ते राहिले, असा दाखला मला इतक्यांदा मिळाला आहे की छायाचित्र पाठविणे म्हणजे केवळ प्रदर्शन, या आक्षेपास मी फार किंमत देत नाही. प्रदर्शनाची हौस काहींस असते हे खरे. नव्या मोटारीस टेकून उभे राहिलेल्या कुटुंबांची चित्रे मीही काढली आहेत. परंतु पन्नास वर्षांनी ते चित्र हाती धरणारास मोटारीशी कर्तव्य नसते, तो आजोबांचे डोळे शोधीत असतो.

जुन्नरच्या माणसास या गोष्टीचा पुरावा दूर जाऊन शोधण्याचे कारण नाही. घाटघरच्या पुढे नाणेघाटाच्या माथ्याशी जे लेणे आहे त्याच्या मागील भिंतीवर, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहन राजकुलाने आपल्या माणसांच्या प्रतिमा कोरविल्या होत्या. कोकणातून देशावर येणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याने घाट चढून आल्याबरोबर प्रथम हे राजकुटुंब पाहावे अशीच ती जागा आहे. प्रत्येक मूर्तीच्या वर ब्राह्मी लिपीत नाव कोरलेले: सिमुक सातवाहन, देवी नागनिका आणि राजा सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरि, कुमार सातवाहन. आज मूर्ती नाहीत; काहींच्या पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत आणि वर नावे आहेत. राणी म्हणून यज्ञांची आणि दानांची एवढी मोठी नोंद जिच्या नावे त्याच लेण्यात कोरलेली आहे, त्या नागनिकेचा चेहरा कसा होता हे सांगणारे काही उरले नाही. प्रतिमा एकच होती, एकाच जागी होती, आणि ती गेली. माझ्या हाती येणाऱ्या जुन्या कार्डांची अवस्था नेमकी याच्या उलट असते. चेहरे उत्तम असतात, मिशांचा पीळ आणि नथीतला मोतीदेखील दिसतो, आणि उजवीकडून तिसरी बाई कोण, हे सांगणारे कोणी उरलेले नसते.

काळ बदलला हे मला कबूल आहे. परदेशाशी उपग्रहाद्वारे बोलणे पोचविणारे देशातील पहिले भूकेंद्र १९७१ साली आमच्याच तालुक्यात, नारायणगावजवळ आर्वी येथे उभे राहिले, त्या वेळी आम्ही मात्र दिवाळीची ख्यालीखुशाली पोस्टकार्डानेच कळवीत होतो. आणि घाईच्या वेळी तारकचेरीत जाऊन ठरीव शुभेच्छांपैकी एकीचा केवळ क्रमांक सांगितला की ती तार जात असे. ती तारसेवाही जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आता छायाचित्र क्षणात सातासमुद्रापार जाते, आणि अमेरिकेत असलेला नारायणगावचा मुलगा आपल्या मुलाबाळांचे चित्र नाताळच्या सुट्टीत व्हॉट्सॲपवर धाडतो ते आईस तत्काळ दिसते, याचा मला आनंदच आहे. परंतु तेच चित्र तोच मजकूर घेऊन शंभरांस एकदम जाते, आणि फोन बिघडला की आईपाशी काहीच राहत नाही. चौकाचौकांतील फलकांवर शुभेच्छुकांचे जे चेहरे सणासुदीस लागतात त्यांच्याविषयी मी एवढेच म्हणेन की त्या शुभेच्छांस पत्ता नाही, आणि म्हणून त्या कोणासही पोचत नाहीत. जुन्नर हे एके काळी हातकागदाचे गाव होते. जुन्नरी कागद पेशवाईच्या दप्तरांतून वापरला जाई, आणि त्यावरील अक्षरे आजही वाचता येतात. म्हणून गावातील तरुण मंडळी माझा सल्ला विचारावयास आली की मी त्यांस सांगतो: फोनवरून अवश्य धाडा, पण घरातील ज्या वृद्धांस, ज्या दूरच्या आत्यामावश्यांस तुमची मुले वर्षावर्षात दिसत नाहीत, अशा थोडक्या माणसांसाठी त्याच चित्राची कागदावर प्रत काढा, पाठीमागे हाताने एक ओळ लिहा, आणि टपालात टाका.

वाचकांस माझी विनंती एवढीच आहे की या दिवाळीस किंवा नाताळात सारे घर एकत्र जमले असता ट्रंकेतील आणि आरशामागील जुनी कार्डे बाहेर काढावीत, आणि घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसून प्रत्येकाच्या पाठीवर डावीकडून उजवीकडे नावे लिहून घ्यावीत. लिहिण्यास मऊ शिसपेन्सिल वापरावी. बॉलपेनची शाई पुढे उमटते, आणि त्याचा दाब पडून समोरच्या चेहऱ्यावर वण उठतो. नव्या चकचकीत कागदावर पेन्सिल उमटत नाही, तेव्हा नावे चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी चित्राबरोबर एकाच पाकिटात ठेवावी. नावांखाली गाव आणि साल घालावे, आणि ज्यांचे नाव कोणासही आठवत नाही त्यांच्यासाठी जागा कोरी सोडून त्या कार्डाची एक प्रत दुसऱ्या घरी पाठवून विचारावे.